बंदुकीची लाथ आणि कापणीचा हात

भात पोटरीत आले की रात्रीची राखण सुरू होते. आपल्या सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक पुष्कळ घरांत आहे. कुठे ठासणीची, कुठे बारा बोअरची एकनळी. रानडुकरांपासून भात-नाचणी राखायची म्हणून ती घेतली. पण ती धरायची कशी, हे तुम्हाला कोणी शिकवले का?

मागच्या हंगामात एका शेतकऱ्याच्या भाताची पाहणी करायला गेलो होतो. पीक झकास उभे होते, पण गड्याचे उजवे मनगट सुजलेले! रात्री माळ्यावरून कळप हुसकावताना त्याने बंदूक कमरेशी एका हाताने धरून हवेत बार काढला होता. "साहेब, बंदूक लाथ मारता," एवढेच तो म्हणाला. डुकरांपासून वाचवलेले भात कापायला त्याला मजूर लावावे लागले, कारण हातात विळा धरवत नव्हता.

ही लाथ येते कुठून? काडतुसातले सुमारे 32 ग्रॅम छर्रे सेकंदाला जवळजवळ 400 मीटर वेगाने पुढे जातात. तेवढ्याच जोराने तीन किलोची बंदूक मागे येते, सेकंदाला चार-पाच मीटर वेगाने. बंदूक हलकी आणि बार भारी असेल तर धक्का आणखी वाढतो. दस्ता खांद्याला घट्ट टेकलेला असला की धक्का सगळे अंग मिळून घेते. मध्ये फट राहिली की तो एकट्या खांद्यावर आदळतो, आणि बंदूक खांद्याला लावलीच नाही तर मनगटावर आणि बोटांवर.

म्हणून एवढे करा. दस्ता खांद्याच्या खोबणीत दाबून बसवा, गाल दस्त्यावर टेकवा. डावा पाय थोडा पुढे टाकून अंगाचा भार पुढे ठेवा. डाव्या हाताने नळीखालचे लाकूड धरून बंदूक किंचित मागे ओढा. उजव्या हाताची पकड घट्ट हवी, पण मधले बोट चापाच्या कड्याला टेकू देऊ नका. बोटाच्या पेराला मार बसतो तो बहुधा इथेच. दस्ता आखूड असेल तर अंगठा नाकावर आपटतो. दस्त्याच्या टोकाला रबरी गादी बसवून घेतली तर लांबीही वाढते आणि धक्काही मऊ होतो.

काडतूस बंदुकीच्या मापाचेच वापरा. जुन्या 65 मिलिमीटरच्या बंदुकीत 70 चे काडतूस शिरते, पण बार उडताना दाब धोक्याइतका वाढतो. ठासणीच्या बंदुकीत अंदाजाने मूठभर दारू ओतणारे बहाद्दर अजून आहेत. त्यात हात नुसता दुखत नाही, नळी फुटली तर जातो. सूज किंवा बधिरपणा दोन दिवसांत उतरला नाही तर लेप लावत बसू नका, डॉक्टरकडे जा.

यात जिवाचाही प्रश्न आहे. लाथेची धास्ती बसलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, बार भलतीकडे जातो. जखमी डुक्कर झुडपात दडून बसते आणि सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईवर धावून येते. शिवाय डुक्कर मारायलाही वन खात्याची लेखी परवानगी लागते, हे विसरू नका. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. गव्यावर तर बंदूक रोखूच नका.

2016 च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्यासाठी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण सांगितले आहे. पण आपल्याकडचे कितीतरी परवाने त्याआधीचे आहेत. निवडणूक आली की याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला परवानाधारकांना बोलावणे जाते. मग वर्षातून एकदा शिकवायला का बोलावू नये? माझी सरपंच आणि पोलीस पाटलांना विनंती आहे, भात पोटरीत येण्याआधी परवानाधारकांना अर्धा दिवस एकत्र बसवा. गावात माजी सैनिक आहेत, ते रिकाम्या बंदुकीवर पकड दाखवतील. यात फारसा खर्च नाही.

पंप कसा चालवायचा, औषध कसे मिसळायचे, हे आम्ही बांधावर येऊन सांगतो. बंदूकही राखणीचे अवजारच आहे. ते शिकल्याशिवाय हातात घेऊ नका, कारण पुढे त्याच हाताने कापणी करायची आहे.