घरचा जमाखर्च : रोख परतावा कीं प्रवासाचे पॉइंट?

सुशिक्षित घरांतून क्रेडिट कार्ड ही आतां नवलाईची वस्तु राहिलेली नाहीं. वाणसामान, औषधें, मुलांचीं पुस्तकें, सणासुदीचें कापड, या सर्वांचा पैसा हल्लीं तळहाताएवढ्या त्या एका तुकड्यावरून जातो. त्यामुळें कार्ड घ्यावें कीं न घ्यावें हा वाद मागें पडला असून, घ्यावयाचें तर कोणतें, हा प्रश्न पुढें आला आहे. बाजारांत मुख्यतः दोन जाती दिसतात. एक, खर्चाचा कांहीं अंश रोख परत करणारी. दुसरी, खर्चाबद्दल पॉइंट देऊन त्यांवर विमानाचें तिकीट किंवा हॉटेलांतील मुक्काम देऊं करणारी. एकट्या माणसानें यांतून निवड करणें सोपें आहे. एकत्र कुटुंबांत मात्र खर्च चौघांच्या हातून होतो आणि बक्षीस एकाच्याच खात्यांत पडतें. म्हणून या महिन्यांत आम्ही हा विषय जरा सविस्तर मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें बक्षीस येतें कोठून, तें पाहूं. आपण दुकानांत कार्डानें शंभर रुपये दिले, तरी ते शंभर दुकानदाराच्या हातीं पूर्ण पडत नाहींत. सामान्यतः त्यांतून दीड-दोन रुपये बँका व कार्डाचें जाळें चालविणाऱ्या कंपन्या कापून घेतात. या कापलेल्या पैशांतीलच कांहीं भाग बँक आपल्याला परत करते. याखेरीज कार्डाची वार्षिक वर्गणी आणि ज्यांचें बिल थकतें त्यांच्याकडून मिळणारें व्याज, हे तिच्या उत्पन्नाचे आणखी दोन झरे आहेत. सारांश, परतावा हा धर्मादाय नव्हे. कोणीतरी भरलेल्या पैशाचा तो वांटा आहे.

रोख परत देण्याची चाल अमेरिकेंत सीअर्स कंपनीच्या ‘डिस्कव्हर’ कार्डानें १९८६ सालापासून रूढ केली. प्रवासाच्या पॉइंटांचें मूळ त्याहून थोडें आधींचें. अमेरिकन एअरलाइन्सनें १ मे १९८१ रोजीं आपल्या नेहमींच्या उतारूंकरितां प्रवासाचे मैल मोजण्याची योजना काढली, आणि १९८७ सालीं ती सिटीबँकेच्या कार्डाशीं जोडली. विमान सुटतांना जी खुर्ची रिकामीच जाणार, ती कोणाला बक्षीस दिली तरी कंपनीला फारसा तोटा होत नाहीं. उलट तेच मैल बँकेला विकून पैसा मात्र मिळतो. हें वर्म एकदां ध्यानांत आलें म्हणजे दोन्ही कार्डांतील मूळचा भेद कळतो. रोख परताव्याचा रुपया हा सरकारी रुपया आहे; तो कोठेंही चालतो. पॉइंट हें कंपनीचें खासगी नाणें आहे. तें कोठें चालेल आणि किती भावानें चालेल, हें ती कंपनी ठरविते.

आतां आंकडे घेऊं. पुढील दर आम्हीं हिशेबाच्या सोयीसाठीं धरलेले आहेत. वाचकांनीं तेथें आपापल्या कार्डाचे दर घालावे. एखाद्या घरचा कार्डावरील खर्च दरमहा ४०,००० रुपये आहे असें समजा. त्यांतील १५,००० रुपये इंटरनेटवरील खरेदीचे, १५,००० दुकानांतील, आणि १०,००० वीज, विमा व पेट्रोल यांचे. या शेवटल्या बाबींवर पुष्कळ कार्डें कांहींच देत नाहींत, ही गोष्ट जाहिरातींत बारीक अक्षरांत असते. रोख परताव्याचें कार्ड पहिल्या बाबीवर ५ टक्के व दुसरीवर १ टक्का देत असेल, तर दरमहा ७५० आणि १५० मिळून ९०० रुपये, म्हणजे सालाचे १०,८०० रुपये होतात. वर्गणी १,००० रुपये व तीवर १८ टक्के जीएसटी मिळून १,१८० वजा जातां ९,६२० रुपये घरांत राहिले.

प्रवासाचें कार्ड दर शंभरामागें २ पॉइंट देतें असें धरूं. त्याच ३०,००० रुपयांवर महिन्याला ६००, सालाला ७,२०० पॉइंट. आणि ठराविक खर्च पुरा केल्याबद्दल आणखी ५,०००. एकूण १२,२०० पॉइंट झाले. वर्गणी ५,००० रुपये, करासह ५,९००. हे पॉइंट विचारपूर्वक विमानाच्या तिकिटासाठीं वापरून प्रत्येकाचा दीड रुपया उठला, तर १८,३०० मधून वर्गणी जाऊन १२,४०० रुपये उरतात. म्हणजे हें कार्ड सरस ठरलें. पॉइंटाला एकच रुपया आला तर उरतात ६,३००. आणि कंटाळून त्याच पॉइंटांवर मिक्सर किंवा भेटीचें कूपन घेतलें व पॉइंटाला पंचवीस पैसेच पडले, तर ३,०५० रुपयांच्या वस्तूसाठीं ५,९०० रुपये भरले असें होईल. या उदाहरणांत पॉइंटाचे निदान १ रुपया २७ पैसे उठल्याशिवाय प्रवासाचें कार्ड रोख परताव्याच्या बरोबरीस येत नाहीं. हा तोडीचा आंकडा प्रत्येक घरानें आपल्यापुरता काढावा; विक्रेत्याच्या गोड बोलण्यापेक्षां तो अधिक विश्वासाचा आहे.

पॉइंटाचा भाव आज जुळला म्हणून उद्यां जुळेलच असें नाहीं. त्याच तिकिटाला उद्यां किती पॉइंट मागावे, हें कंपनीच्या इच्छेवर असतें. शिवाय बक्षिसाच्या तिकिटावरही कर व विमानतळाचे आकार बहुधा रोखीनेंच द्यावे लागतात. खुद्द कंपनी नाहींशी होण्याचे प्रसंगही आपल्या देशांत घडलेले आहेत. किंगफिशरचीं विमानें ऑक्टोबर २०१२ पासून थांबलीं, जेट एअरवेजचीं १७ एप्रिल २०१९ रोजीं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं एअर इंडियांत विलीन झाली. विस्ताराच्या ग्राहकांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेंत वर्ग झाले हें खरें. परंतु ज्या कंपनीसाठीं कार्ड घेतलें तिचें नांवच आकाशांतून गेलें. म्हणून पॉइंट वर्षानुवर्षें साठवून ठेवणें शहाणपणाचें नव्हे. त्यांवर व्याज मिळत नाहीं, आणि पुष्कळ योजनांत मुदत संपली कीं ते बुडतात. रोख परताव्यालाही महिन्याची मर्यादा असूं शकते व तीही बदलते. पण जो रुपया एकदां बिलांतून वजा झाला तो कोणी परत मागत नाहीं.

येथवर झाला तो पैशाचा विचार. एकत्र कुटुंबांत याहून नाजूक असा एक विचार आहे. मुख्य कार्ड बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्या नांवें असतें व त्याला जोडून पत्नी, भाऊ, सून यांना जोडकार्डें मिळतात. सर्वांच्या खर्चाचें बिल एक, आणि पॉइंटांचें खातेंही एकच. सून वर्षभर त्याच कार्डावर घरचा किराणा भरते, धाकटा भाऊ आईचीं औषधें आणतो, आणि मे महिन्यांत त्या पॉइंटांवर थोरल्या घरचीं दोन माणसें विमानानें फिरून येतात. हें मुद्दाम कोणी करीत नाहीं. पण पॉइंट कोणाच्या कष्टाचे, हें कोठेंच लिहिलेलें नसल्यामुळें होऊन जातें. घरांतील वाईटपणा पुष्कळदां मोठ्या रकमांवरून येत नाहीं. न विचारतां घेतलेल्या अशा लहान गोष्टींवरून येतो. नऊ माणसांच्या घरांत दोन तिकिटें वांटतां येत नाहींत. नऊ हजार रुपये वांटतां येतात, किंवा सर्वांच्या उपयोगाच्या एखाद्या वस्तूसाठीं बाजूला ठेवतां येतात. शिवाय सर्व माणसें एकत्र निघणार तीं दिवाळीच्या किंवा मेच्या सुटींत, आणि नेमक्या त्याच दिवसांत बक्षिसाच्या जागा दुर्मिळ असतात. या दृष्टीनें पाहतां एकत्र कुटुंबाच्या सामायिक खर्चाला रोख परताव्याचें कार्डच अधिक शोभतें, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्या परताव्याची नोंद दरमहा वहींत स्वतंत्र ओळीवर करावी आणि त्याचें काय करावयाचें तें वर्षाच्या आरंभींच सर्वांच्या समक्ष ठरवावें.

प्रवासाचें कार्ड वाईट, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त महिन्यांतून दोनदां विमानानें जात असेल, तर तिनें किंवा त्यानें तें स्वतःच्या नांवें, स्वतःच्या खर्चासाठीं अवश्य घ्यावें. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत व जे वर्षाआड त्यांच्याकडे जातात, त्यांना पॉइंटांपेक्षां दुसराच एक लाभ आहे. सामान्य कार्डानें परदेशांत खर्च केला कीं चलनबदलाचा आकार साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतो व त्यावर कर निराळा. एक लाख रुपयांच्या खर्चावर हें ४,१३० रुपये होतात. कांहीं प्रवासी कार्डें हाच आकार दोन टक्के घेतात. तेथें २,३६० रुपयांत काम भागतें. कांहीं तर मुळींच घेत नाहींत. हा लाभ कोणत्याही भावावर अवलंबून नाहीं. आणि ज्या घरचा प्रवास मुख्यतः आगगाडीचा आहे, त्यांनीं विमानतळावरील आरामकक्षाच्या मोहानें मोठी वर्गणी भरूं नये; रेल्वेच्या तिकिटांसाठीं आयआरसीटीसीच्या जोडीनें निघालेलीं निराळीं कार्डें आहेत, तीं पहावीं.

एका तिसऱ्या वर्गाला आमचें सांगणें वेगळें आहे. ज्या घरीं कार्डाचें बिल दरमहा पूर्ण भरलें जात नाहीं, त्यांनीं ही निवड करण्याच्या भरीस पडूंच नये. कित्येक कार्डांवर थकलेल्या रकमेचें व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या घरांत असतें. ४०,००० रुपये महिनाभर थकले तर १,४०० रुपये व्याज आणि त्यावर २५२ रुपये कर, मिळून १,६५२. सहा महिने हें चाललें, तर चक्रवाढ न धरतांही ९,९१२ रुपये गेले. वर सांगितलेला सबंध वर्षाचा परतावा त्यांत बुडाला. बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतें, तें वेगळेंच. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं या व्याजाला ३० टक्क्यांची सीमा घातली होती; सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं तो निर्णय रद्द केला. तेव्हां बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ ही सवलत समजूं नये. अशा घरानें कार्ड कपाटांत ठेवून आधीं बाकी फेडावी.

ज्यांनीं आधींच भलतें कार्ड घेतलें असेल त्यांनींही अडून बसण्याचें कारण नाहीं. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं घालून दिलेल्या नियमांप्रमाणें, बाकी चुकती केलेल्या ग्राहकानें कार्ड बंद करण्यास सांगितल्यावर बँकेनें तें कामाच्या सात दिवसांत बंद केलें पाहिजे. नाहींतर विलंबाच्या प्रत्येक दिवसास ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. मात्र बंद करण्यापूर्वीं साठलेले पॉइंट वापरून घ्यावे.

तरी वाचकांनीं येत्या रविवारीं मागील बारा महिन्यांचीं बिलें काढून घरच्या मंडळींसह बसावें. किराणा किती, विमानाचीं तिकिटें किती, परतावा न मिळणाऱ्या बाबी किती, असे तीन आंकडे कागदावर मांडले म्हणजे निवड आपोआप होईल. ती झाल्यावर वर्षअखेरच्या परताव्यावर कोणाचा हक्क, हा चौथा प्रश्नही त्याच बैठकींत विचारावा आणि त्याचें उत्तर आधीं घरांतील लहान माणसांकडून घ्यावें.