रिकाम्या सभागृहाचा वाढदिवस

आज ७ नोव्हेंबर २०२५. १९८२ साली याच दिवशी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची गावे एकत्र करून नाशिक महानगरपालिका झाली. त्रेचाळीस वर्षे पूर्ण झाली, अभिनंदन. मात्र वाढदिवस जिचा, तिचे सभागृह मार्च २०२२पासून रिकामे आहे. मुदत संपली, पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या कज्ज्यात निवडणूक अडकली आणि आयुक्तच प्रशासक झाले.

नाशिकला हे नवे नाही. महापालिका झाल्यावर पहिली निवडणूक व्हायलाच १९९२ उजाडले. तेव्हा कुठे शांतारामबापू वावरे पहिले महापौर झाले. तोपर्यंत प्रशासकच. तो काळ आणि आत्ताचा मिळून हिशेब केला, तर त्रेचाळीसपैकी सुमारे तेरा वर्षे हे शहर लोकप्रतिनिधींविना चालले आहे. पहिल्या खेपेला निदान घडी बसायची होती. शिवाय तेव्हा ७४वी घटनादुरुस्ती नव्हती. आता आहे, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे ती स्वच्छ सांगते.

पण अडले काय, असे विचारणारे पुष्कळ आहेत. नळाला पाणी येते, घंटागाडी येते, दिवे लागतात. खरेच आहे. गंगापूर धरणातून निघालेले पाणी शुद्ध होऊन जलकुंभात चढते आणि पहाटे कुणीतरी व्हॉल्व्हमन लांब दांड्याची लोखंडी चावी रस्त्यातल्या खड्ड्यात घालून ती फिरवतो, तेव्हा त्याला सभागृह भरलेले आहे की रिकामे याच्याशी देणेघेणे नसते. फरक कळतो तो पाणी अर्धा तास कमी आले की. पूर्वी अशा वेळी सकाळी साडेसातलाच नगरसेवकाच्या दारात चपलांचा ढीग दिसे. तो चहा पाजी, फोन लावी, नाही जमले तर चार शिव्या खाई. आता तक्रार ॲपवर टाकायची आणि क्रमांक जपून ठेवायचा. क्रमांकाला शिव्या देता येत नाहीत.

खरी गोष्ट त्याहून आतली आहे. आपल्या महापालिका ज्या १९४९च्या कायद्यावर चालतात, त्याने राबवणारा आणि मंजुरी देणारा वेगळा ठेवला आहे. आयुक्त शासनाचा, त्याने प्रस्ताव मांडायचा. पैशाला मान्यता सोळा जणांच्या स्थायी समितीने द्यायची, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होणार. अंदाजपत्रक आधी समितीत, मग महासभेत. आज कागदावर सही असते ‘आयुक्त तथा प्रशासक’ अशी. या ‘तथा’ने घात केला आहे. प्रस्ताव मांडणारा तोच, स्थायी समिती तोच, महासभाही तोच. माणूस कितीही सचोटीचा असो, स्वतःच्याच प्रस्तावाला ‘हे कशाला?’ असे कोण विचारील?

२०१८ आठवा. तुकाराम मुंढे आयुक्त होते, करवाढीवरून शहर पेटले आणि सत्ताधाऱ्यांनीच त्यांच्यावर अविश्वास ठराव आणला. तो मागे घ्यावा लागला; पुढे नोव्हेंबरमध्ये मुंढे यांची बदली झाली. कोण बरोबर होते यावर आजही पारावर वाद होईल. पण घरपट्टी का वाढते, किती वाढते, हे त्या भांडणामुळे घराघरात कळले. भांडण नसले की कळतही नाही.

नगरसेवक धुतल्या तांदळासारखे होते, असे आमचे म्हणणे नाही. सभा तहकूब करणे, राजदंड पळवणे, ऐनवेळच्या विषयांत भलतेच घुसवणे, सगळे पाहून झाले आहे. चार जणांच्या प्रभागाने तर जबाबदारीची पार विल्हेवाट लावली. गटारीच्या झाकणासाठी गेलात की एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तरीही १२२ जणांत, त्यातल्या निम्म्या बायका, एखादी तरी उठून फाइल मागायची.

आता सिंहस्थ तोंडावर आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला, मुख्य स्नाने २०२७च्या पावसाळ्यात. त्यासाठी कायदा करून वेगळे प्राधिकरण झाले. गर्दी, साधुग्राम, घाट यांसाठी ते हवेच. पण साधू परत जातील. रस्ते, मलनिस्सारण केंद्रे, त्यांची वीजबिले आणि दुरुस्ती मागे राहील. पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले ते पाहतो. खर्चाचे पाणी कुठवर चढले, हे पाहायला असा मारुती नाही. ते काम महासभेचे होते, आणि कामे ठरताना महासभाच नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६पर्यंत निवडणुका उरकायला सांगितले आहे. प्रारूप मतदारयादी लागली की आपले नाव कोणत्या प्रभागात पडले ते जाऊन पाहा. नसेल तर हरकत मुदतीत द्या. आणि प्रभागातून जितके निवडायचे तितकी मते आपल्याला द्यायची असतात. सगळ्या जागांच्या उमेदवारांची नावे केंद्रावर जाण्याआधी माहीत करून घ्या.