अंतर फुकट, दिवस महाग

लांबचा फोन महाग, ही समजूत आता जुनी झाली. एसटीडीच्या जमान्यात पैसे अंतराचे आणि मिनिटांचे पडायचे. गाव जितकं लांब तितका मीटर जोरात पळायचा, म्हणून रात्री उशिरा दर चौथाईवर आले की पिवळ्या बूथबाहेर रांगा लागायच्या. १ मार्च २००६ पासून बीएसएनएल-एमटीएनएलच्या ‘वन इंडिया’ योजनेत देशात कुठेही रुपयात मिनिटभर बोलता येऊ लागलं आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर मिनिटं मोजण्याचीही गरज उरली नाही. आज बारामती एमआयडीसीतल्या कामगाराने पाटण्याला फोन लावला काय किंवा भिगवणला लावला काय, खर्च तेवढाच. तरीही घरातला फोनचा खर्च कमी झालेला नाही, कारण आता पैसे बोलण्याचे नव्हे तर नंबर चालू ठेवण्याचे द्यावे लागतात. बचत करायची तर ती इथेच शोधायला हवी.

२०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने किमान रिचार्जची अट आणली, तेव्हा ३५ रुपयांत नंबर २८ दिवस चालू राहायचा, वर थोडा टॉकटाइम मिळायचा. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेलचा २८ दिवसांचा पॅक १९९ रुपयांवर गेला. त्यात अमर्याद कॉल आणि नेट मिळतं हे खरं. पण ज्याला दिवसातून दोनच फोन करायचे आहेत, त्याच्यासाठी स्वस्त पर्याय राहिला नाही. शिवाय महिना २८ दिवसांचा धरल्याने वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. नंबर बंद पडू द्यावा म्हटलं तर बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर, पीएफचाही त्याच नंबरवर. परगावाहून आलेल्या कामगाराचा संसार दोन ठिकाणी चालतो, त्यामुळे हा भुर्दंडही दोन्हीकडे बसतो. बारामती-इंदापूरच्या कारखान्यांवर ऊसतोडीला बीडहून टोळ्या येतात, तेव्हा गावात राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या हातात बहुधा बटणाचा फोन असतो. त्यात नेट चालत नाही, पण पॅकमधल्या नेटचे पैसे मात्र द्यावे लागतात.

यावर उतारा म्हणून दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम केला: फक्त कॉल आणि एसएमएसचा निदान एक पॅक प्रत्येक कंपनीने द्यायलाच हवा. जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ५०९ आणि १९९९ रुपयांच्या पॅकमधलं नेट काढलं आणि किंमत ठेवली ४९९ आणि १९५९. म्हणजे सूट दहा आणि चाळीस रुपयांची. या किमती तपासू, असं ट्रायने म्हणताच काही दिवसांतच त्या ४६९ आणि १८४९ वर आल्या, तेही अनुक्रमे ८४ आणि ३६५ दिवसांसाठी. याच दरांनी हिशेब मांडला तर १९९ चे तेरा रिचार्ज २५८७ रुपयांना पडतात, वर्षाचा कॉल-पॅक १८४९ ला. एका नंबरमागे ७३८ रुपये वाचतात. गावाकडच्या साध्या फोनवर नेटचा पॅक मारत राहणं म्हणजे हे पैसे पाण्यात घालणं आहे.

यावर कुणी म्हणेल, नेट ही आज गरज आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल होतो, मग नेट नको कशाला म्हणायचं? ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे त्याने नेट जरूर घ्यावं. पण ज्याचा फोनच साधा, त्याच्या माथी ते मारू नये. कंपन्यांची बाजू अशी की टॉवर आणि स्पेक्ट्रमवर अफाट पैसा ओतलाय, तो वसूल व्हायला हवा. तेही मान्य. पण नेट न वापरणाऱ्याने नेट वापरणाऱ्याचा भार का उचलावा, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. खरा आक्षेप वेगळाच आहे: हातावर पोट असलेल्या माणसाने १८४९ रुपये एकरकमी आणायचे कुठून? स्वस्त दर मिळतो तो ज्याच्या खिशात आधीच पैसा आहे त्याला, आणि ज्याला बचतीची सर्वांत जास्त गरज आहे तो २८ दिवसांच्या महागड्या पॅकमध्ये अडकून राहतो.

हा आक्षेप रास्त आहे, पण त्याचा उपाय ट्रायच्याच हातात आहे. किमान एक पॅक पूर्ण ३० दिवसांचा हवा, हा आदेश ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये काढला आणि कंपन्यांना तो पाळावा लागला. तोच नियम कॉल-पॅकला लावावा: ३० दिवसांचा, नेट नसलेला, आणि दिवसाचा दर वर्षाच्या पॅकइतकाच, म्हणजे साधारण पाच रुपये. महिन्याला दीडशेच्या आसपासची ही रक्कम कंत्राटी कामगारालाही झेपेल. नुसत्या विचारणेने वर्षाच्या पॅकचे ११० रुपये उतरले. मग लेखी नियम झाला तर हेही होईल. तोवर निदान गावाकडच्या नंबरचा पुढचा रिचार्ज मारण्याआधी दुकानदाराला एवढं जरूर विचारावं: नुसत्या कॉलचा पॅक आहे का?