कर्करोग हे मागच्या जन्मीचे भोग नव्हेत

सटाण्याकडे कांद्याच्या चाळीत राबणाऱ्या आमच्या कित्येक आयाबहिणी पहाटे तळहातावर मिश्री घेतात, मगच कामाला लागतात. पुढे गालात पांढरा चट्टा उठतो, तिखट झोंबते, तरी दवाखाना टळतो. आजार वाढला की शेजारीपाजारी म्हणतात, "मागच्या जन्मीचे भोग!" बौद्ध घरात हे ऐकले की आम्हाला फार वाईट वाटते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (1957) या ग्रंथात बाबासाहेबांनी हेच मत नाकारले आहे. कारणाशिवाय काही घडत नाही, ही बुद्धांची शिकवण. तेव्हा या रोगाचे कारण पाहू.

आपले शरीर पेशींचे बनले आहे. पेशीने केव्हा वाढायचे, केव्हा थांबायचे, हे तिच्यातील जनुकांत लिहिलेले असते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातील विषारी द्रव्ये जनुकांना इजा करतात. एका पेशीच्या दोन होताना हा मजकूर उतरवला जातो, तेव्हा त्यात चुका राहतात. पुष्कळ चुका शरीर स्वतःच दुरुस्त करते. 'पी-53' नावाचे जनुक तर पहारेकरीच. ते बिघडलेल्या पेशीला थांबवते किंवा संपवते. पण हा पहारेकरीच बिघडला आणि चुका साचत गेल्या, की पेशी बेलगाम वाढते. हाच कर्करोग. याला बहुधा कित्येक वर्षे लागतात. म्हणूनच सावध होण्यास वेळ मिळतो.

आईबापांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होणारे कर्करोग शंभरात पाच-दहाच. शिवल्याने तर तो होतच नाही. तरीही आजारी बाईचे ताट वेगळे काढणाऱ्यांना आम्ही विचारतो, वेगळ्या पाणवठ्याचे दुःख आपण इतक्यात विसरलो काय?

मुंबईचे टाटा रुग्णालय 1941 साली सुरू झाले. तेथे डॉ. खानोलकरांनी तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांचा संबंध अभ्यासला. 2012 साली राज्यात गुटखाबंदी आली. पण घरच्या तव्यावर मिश्री भाजली जाते, तेथे कायदा कसा पोचणार? तेथे आपणच पोचले पाहिजे.

भगिनींनो, आरशासमोर उजेडात तोंड उघडून पाहा. चट्टा किंवा फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. तिशीपुढील सर्वांसाठी तोंडाच्या तपासणीची सरकारी योजना आहे. मिश्री आजच सोडा, लेकीच्या हाती तर देऊच नका. पाचवे शील आपण रोज म्हणतो. आम्ही तंबाखूही त्यातच धरतो.

जयभीम!