टेकडीवरचा नळ

दिल्ली सपाट आहे, असा समज यमुनाकाठी राहून सहज होतो. परंतु दौलतराव शिंद्यांच्या राणी बायजाबाई यांचे बंधू हिंदुराव घाटगे यांनी विल्यम फ्रेझरच्या पश्चात विकत घेतलेली हवेली ज्या टेकाडावर होती आणि जेथे आज त्यांच्याच नावाचे रुग्णालय आहे, ते उत्तर रिजचे टेकाड पायी चढले, म्हणजे अरवलीचे हे शेपूट पाण्याच्या नळाला किती जड जात असेल, ते धाप लागून कळते. फिरोजशहा तुघलकाने तेथे बावली खोदली. आपण पंपाने पाणी वर चढवतो.

चढवलेले पाणी मात्र मुकाट्याने बसत नाही. 300 मिलिमीटर व्यासाच्या नळात 60 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब असेल, तर काटकोनी वळणावर 6 ते 7 टनांचा रेटा बसतो. तो पेलायचा तर काँक्रीटच्या ठोकळ्याने न उकरलेल्या, कोऱ्या जमिनीला पाठ टेकली पाहिजे. शिवाय उतारावर नळाचे नि पाण्याचे वजन सांध्यांना अहोरात्र खाली ओढत असते, म्हणून मधूनमधून नळ जखडावा लागतो. रिजच्या कठीण गारदगडात खोदलेला चर भुसभुशीत मातीने बुजवला, की पावसाचे पाणी त्याच चराला ओढा मानून आतून वाहू लागते, माती नेते आणि नळ अधांतरी लोंबतो. यास्तव चरात ठरावीक अंतरावर आडव्या भिंती घालाव्या लागतात. एका पावसाळ्यानंतर अशाच एका उतारावर नळाखालून मी हात आरपार घातला होता. वरची फरसबंदी तोवर शाबूत होती!

माझी तक्रार विद्येविषयी नाही, दफ्तराविषयी आहे. नळाची लांबी बुजवल्यानंतरही फीत लावून मोजता येते; ठोकळा आणि भिंत यांना मोजमाप पुस्तकातील नोंदीखेरीज साक्षीदार उरत नाही, आणि पावसाळा तोंडावर आला, की चर बुजवण्याची घाई ठेकेदाराला असते तितकीच साहेबालाही असते. म्हणून सांधे उघडे ठेवून दाबाची चाचणी झाल्यावाचून आणि त्रयस्थ तपासनिसाने प्रत्येक ठोकळ्याची जागा पाहून सही केल्यावाचून माती लोटू नये, अशी सक्त ताकीद निविदेतच असावी.

पुण्यात कात्रजहून शनिवारवाड्याकडे पेशव्यांनी जमिनीखालून पाणी आणले, तेव्हा वाटेवर उच्छ्वास, म्हणजे हवा सुटण्याचे मनोरे, बांधले. हेतू हवेचा असला, तरी नळ कोठून गेला ते आजही त्यावरून कळते. रिजवरही प्रत्येक ठोकळ्याच्या डोक्यावर क्रमांक नि साल कोरलेला एक दगड रोवायला खर्च तो कितीसा येणार?