किल्लारी सिलॅबसमध्ये कधी?

किल्लारीची तारीख आपल्याला पाठ आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3.56, आदल्या रात्रीच्या विसर्जनानंतर गाढ झोपलेली गावं. पण हजारो जीव घेतले ते घरांनी! मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचं ओझं. आतला-बाहेरचा थर एकमेकांना बांधलेलाच नव्हता, मग भिंत फुगून फुटणारच.

यावर इलाज साधा आहे. भिंतीत आरपार थ्रू-स्टोन घाला, माळवदाची माती कमी करा, कोपरे बांधा. आयएस 13828 हा कोडसुद्धा 1993 चाच. (आम्ही कॉन्व्हेंटवाले ‘माळवद’ शब्द इथेच शिकलो, तो भाग वेगळा.)

2024 मध्ये 21 मार्च आणि 10 जुलैला हिंगोलीचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. कित्येकांच्या आजोळी अजून माळवदच आहे. आपण मात्र आरसीसी फ्रेम सोडवत बसतो! माझं स्पष्ट मत आहे, लातूर-नांदेडच्या आयटीआय, पॉलिटेक्निकनी गवंड्यांना हे काम भूकंपाआधीच शिकवावं. आणि आपण? एनएसएस कॅम्पमध्ये सात दिवस झाडू मारण्यापेक्षा एका भिंतीत थ्रू-स्टोन बसवू. गवंडीकाका शिकवतील, व्हायवाही तेच घेतील.