दाखल्यातला ‘मुसलमान’ आणि अहवालातला मुसलमान

बारावीचा निकाल लागला की मालेगावात आणि जुन्या नाशकात सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात. गेली काही वर्षे त्या दिवसांत आम्ही काही जण मुलांना दाखल्यांच्या कामात मदत करतो. एकदा मालेगावचा एक यंत्रमाग कामगार मुलीची फाइल घेऊन आला. मुलीला अभियांत्रिकीला जायचे होते, गुणही बरे होते. घराणे पिढ्यान्‌पिढ्या विणकरांचे. मोमीन-जुलाहे राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, हे त्याला माहीत होते. पण ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, जात लिहिलेला आणि महाराष्ट्रातला कागद लागतो. त्याने आजोबांच्या शाळेचा उतारा शोधून आणला होता. त्यात जातीच्या रकान्यात एकच शब्द होता: ‘मुसलमान’.

मग ईडब्ल्यूएसचा दाखला काढू म्हटले, तर खिडकीवर उत्तर मिळाले, ‘तुम्ही मोमीन ना? मग तुम्ही ओबीसीत येता, हा दाखला तुम्हाला नाही.’ म्हणजे ओबीसीच्या खिडकीवर तो मोमीन ठरत नव्हता आणि शेजारच्या खिडकीवर पुरता मोमीन होता! कॅप राउंड संपले. मुलगी आज गावातच बी.ए. करते आणि दुपारनंतर कांड्या भरते. बी.ए. करण्यात कमीपणा काहीच नाही, पण तिने ते निवडले नव्हते.

ही गोष्ट धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचते का? उच्च शिक्षणाविषयी केंद्र सरकार दरवर्षी जे अखिल भारतीय सर्वेक्षण करते, त्याचे आकडे बघू. 2019-20 मध्ये देशात उच्च शिक्षण घेणारे मुस्लिम विद्यार्थी सुमारे 21 लाख होते. 2020-21 मध्ये ते 19.21 लाखांवर आले. एका वर्षात जवळजवळ 1 लाख 80 हजार मुले कमी झाली, आणि त्याच वर्षी देशातली एकूण विद्यार्थिसंख्या मात्र वाढली. 2021-22 मध्ये आकडा पुन्हा 21 लाखांच्या थोडा वर गेला, तेव्हा ‘सावरलो’ असे पुष्कळांनी म्हटले. पण मधल्या काळात एकूण विद्यार्थी 3.85 कोटींवरून 4.33 कोटी झाले होते. आपला वाटा साडेपाच टक्क्यांच्या आसपास होता, तो पाच टक्क्यांच्याही खाली राहिला. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्येतला वाटा 14.2 टक्के आहे. जे शिकत आहेत त्यांत मुली जवळपास निम्म्या आहेत, ही त्यातली खरोखर आनंदाची बाब. मोहल्ल्यात ती कोणी फारशी सांगत नाही.

मात्र हे सर्वेक्षण आत आलेल्यांची गणती करते. दारातून परत गेलेली मुलगी त्यात नसते. पहिल्या वर्षानंतर कोण सुटले, का सुटले, फीमुळे की बसच्या वेळेमुळे, हेही त्यातून कळत नाही. मालेगाव ते नाशिक शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. मुलीला रोज ये-जा जमत नाही, म्हणजे प्रश्न वसतिगृहाचा आहे. 2024 मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगला निर्णय आहे. पण त्या सवलतीच्या दारातही दाखला विचारतात, आणि मेसचे पैसे फीमध्ये धरलेले नसतात.

अभ्यास झालेच नाहीत, असे म्हणता येणार नाही. 2006 मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. महाराष्ट्राने 2008 मध्ये डॉ. मेहमूदुर रहमान समिती नेमली, तिचा अहवाल 2013 मध्ये आला. जुलै 2014 मध्ये सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांमधल्या पन्नास मागास समूहांना पाच टक्के आरक्षण दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातले हे पाच टक्के रोखले नाहीत. समित्यांनी गोळा केलेली आकडेवारी न्यायालयासमोर होती. इतके होऊनही अध्यादेशाचा कायदा झाला नाही, तो आपोआप संपला. आकडे न्यायालयात टिकले आणि विधिमंडळात पोहोचलेच नाहीत. डिसेंबर 2022 मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद झाल्याचे संसदेत सांगण्यात आले. इतर योजनांशी ती ‘ओव्हरलॅप’ होते, हे कारण दिले गेले. 2009 पासून अल्पसंख्याक समाजातली मुले या पैशावर पीएच.डी. करत होती. उद्या आपल्या प्रश्नावर संशोधन करणारे जे असते, त्यांचाच खर्च थांबला.

ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्थेला, म्हणजे ‘मार्टी’ला मंजुरी दिली. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या रांगेत आपलीही संस्था आली म्हणून स्वागत झाले. माझे म्हणणे एवढेच, की नावात संशोधन आधी आहे, तर काम तिथूनच सुरू व्हावे. स्पर्धा परीक्षांचे वर्ग लगेच डोळ्यांत भरतात, उद्घाटनाला मंत्री येतात. गळतीचा अभ्यास कोणाच्या फोटोत येत नाही. पण मालेगावसारख्या एका शहरात बारावी पास झालेल्या एका वर्षाच्या सगळ्या मुलामुलींचा तीन वर्षे माग काढला, तर जे कळेल ते दहा भाषणांतून कळणार नाही.

आणि नाशिकला यासाठी मुंबईकडे बघण्याची गरज नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्याच शहरात आहे, 1989 पासून. घरी बसून शिकणाऱ्या विवाहित मुलींचा, कारखान्यातल्या कामगारांचा मोठा आधार ते आहे. मुक्त विद्यापीठाकडे मालेगावातून प्रवेश घेणाऱ्या मुली किती, त्यांतल्या पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या किती, हे प्रवर्ग आणि धर्मानुसार प्रसिद्ध व्हायला काय हरकत आहे? मागितल्याशिवाय कोण देणार? आपल्या संघटना निवेदने पुष्कळ देतात, त्यांत ‘न्याय मिळावा’ असते. ‘ही माहिती द्यावी’ असे क्वचितच असते.

आता थोडे आपल्याकडे. त्या उताऱ्यात ‘मुसलमान’ कोणी लिहिले? लिहिणारा मास्तर असेल, पण सांगणारे आपलेच बुजुर्ग होते. इस्लाममध्ये जात नाही, म्हणून ती सांगायची नाही, ही त्यांची भावना प्रामाणिक होती. मशिदीतल्या सफेत ती खरीही आहे. पण लग्न जमवताना बिरादरी विचारली जाते आणि फॉर्म भरताना लपवली जाते, हे कसे? खाटीक, बागवान, पिंजारी, तांबोळी म्हणून ज्यांनी व्यवसाय केला, ज्यांना त्या नावाने हिणवले गेले, त्यांच्या नातवंडांना त्याच नावाने हक्क मिळत असेल तर त्यात शरम कसली? मला अनेक मौलाना यावर नाराज होतात. होऊ देत, त्यांच्यातल्या एकाने मात्र यंदा जुम्याच्या नमाजनंतर दाखल्यांची यादी वाचून दाखवली.

एप्रिल 2025 मध्ये केंद्राने पुढच्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय घेतला. जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. प्रगणक त्या यंत्रमाग कामगाराच्याही घरी येईल. मी त्याला विचारले, काय सांगणार? तो हसला. म्हणाला, ‘भाई, मुलगी सांगेल. तिनेच लिहून ठेवलंय.’